दोनदा चढवलेली तुळई

ती केस डोक्यातून काही जात नाही. कुठे लाकडी जिना दिसला, लाकडी माळा दिसला, की माझी नजर आधी त्याच्या बोल्टांवर जाते आणि मग त्यावर उभ्या असलेल्या माणसांवर. नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, नाहीतर तुम्ही पांढरे केस शोधत बसाल. मी रायपूरला सब-इन्स्पेक्टर होते. गस्तीच्या गाडीचा अपघात झाला, गुडघा गेला आणि मेडिकल बोर्डानं मला ऐन तिशीत निवृत्त करून घरी बसवलं. आमचं घर मूळचं विदर्भातलं, आजोबा रेल्वेत लागले म्हणून इकडे आलं. मराठी घरात आणि हिंदी ठाण्यात, असं माझं चालायचं. हे सांगते कारण ही केस त्यामुळेच माझ्याकडे आली. नाव कोणाचंच लिहीत नाही. गरजही नाही.

रविवारची दुपार होती. मी एका मोबाईल चोराशी हुज्जत घालून राहिले होते, तेवढ्यात फोन आला की एका नवीन कॉलनीत घराचं छत कोसळलं. आम्ही धावत गेलो. छत जागेवर होतं. पडला होता हॉलच्या आतला लाकडी माळा.

घर नवंकोरं. मालक एका सरकारी ऑफिसात नोकरीला, चाळिशीच्या आत, मराठी माणूस. आयुष्यभर पुरानी बस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला आणि मग हे घर बांधलं. सिमेंटच्या डब्यात राहायचं नाही, लाकूड पाहिजे, ही त्याची हौस. म्हणून उंच हॉल आणि त्यात एका बाजूला लाकडी माळा, एका मोठ्या तुळईवर उभा. त्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. वरून फोटो चांगला येतो म्हणून बाया-पोरं माळ्यावर चढली. तुळईचं एक टोक सुटलं. माळा सुपासारखा तिरपा झाला, वरची माणसं घसरत खाली आली, आणि तुळई पडली ती खाली सरबत वाटत असलेल्या घरमालकावर. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. दोन बायांचे हात मोडले. एका पोरीच्या डोक्याला टाके पडले.

त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "सरबत पेले का सगळे?"

पंचनामा केला, हॉल सील केला. तुळईचं तुटलेलं टोक कापून, कपड्यात बांधून, लाख लावून मालखान्यात जमा केलं. मालखाना म्हणजे ठाण्याची ती खोली जिथे जप्तीचं सामान असते. चोरीच्या सायकली, दारूचे कॅन आणि त्यांच्यामध्ये हे लाकूड.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वरून फोन सुरू झाले. आमचे टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, जुने आणि कडक. त्यांनी संध्याकाळपर्यंत दोघांना उचललं. एक ठेकेदार आणि दुसरा ज्याच्या सहीनं डिझाइन पास झालं तो इंजिनिअर. कलमही साधं निष्काळजीपणाचं नाही, जामीन मिळणार नाही असं लावलं.

इंजिनिअर विदर्भातलाच. शंकर नगरला एका खोलीचं ऑफिस, स्वतःच मालक आणि स्वतःच चपराशी. लाकडाची कामं करणारा म्हणून थोडंफार नाव झालं होतं. टीआय साहेबांशी हिंदीत बोलायचा आणि घाबरला की माझ्याकडे वळून मराठीत.

साहेबांनी त्याच्या बॅगेतून निघालेलं जाड पुस्तक उचललं. "ये क्या है?"

"मानक है सर. लकड़ी का."

"लकड़ी की भी किताब होती है?"

"होती है सर. सीमेंट की होती है, तो लकड़ी की क्यों नहीं होगी?"

"तो किताब में लिखा था कि मचान गिराना है?"

मुंशी, म्हणजे ठाण्याचा लिहिणारा हवालदार, हसला. इंजिनिअर नाही हसला. त्यानं खिडकीत पडलेली मुंशीची कडुनिंबाची दातून उचलली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, टाचणी द्या." मी दिली. त्यानं दातूनच्या मधोमध टाचणी खुपसली. काही झालं नाही. मग अगदी टोकाजवळ खुपसली. दातून उभी चिरली.

"लाकूड सिमेंटसारखं चारी बाजूंनी सारखं नसते," तो म्हणाला. "ते आपल्या रेषेतून फाटते. म्हणून भोक टोकापासून किती लांब, दोन भोकांत अंतर किती, हे ठरलेलं असते. सरईचं लाकूड असलं तर वेगळं, सागवान असला तर वेगळं. लाकूड किती वाळलं, गाठ कुठे आली, सगळ्याचे नियम आहेत. मी एकही मोडला नाही मॅडम. तुळईला भोकं मी आरा मिलमध्ये, लाकूड कापतात तिथेच, माझ्यासमोर पाडून घेतली. जमिनीवर लोखंडी खोबणीत बसवून पाहिली. बसली होती."

"मंग पडली काहून?" मी विचारलं.

"तेच मले समजून नाही राहिलं."

ही त्याची एकच गोष्ट मला खरी वाटली. खोटं बोलणारा माणूस कारण तयार ठेवते. आणि चांगलं तीन-तीन ठेवते.

आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक बोलावले. त्यांनी तुटलेलं टोक पाहिलं आणि रिपोर्ट दिला. त्या टोकाला भोकांचे दोन संच होते. एक जुना, भुसा आणि गोंद भरून बुजवलेला आणि वरून पॉलिश मारलेला. दुसरा नवा, जुन्याला चिकटून आणि टोकाच्या फार जवळ. लाकूड भोकातून भोकात चिरत गेलं होतं, अगदी त्या दातूनसारखं.

मी खुश झाले. म्हटलं, सापडलं. पण ठेकेदाराकडे उत्तर होतं. "ड्रॉइंग गलत था मैडम. ऊपर चढ़ाया तो छेद मिला ही नहीं. साहब को फोन किया, साहब बोले बाजू में नया मार दो."

इंजिनिअर म्हणे, असा फोन झालाच नाही. कॉल डिटेल काढले. दोघांत रोजच चार-दोन फोन होते. काय बोलले ते काही त्यात येत नाही. आता एक म्हणते ड्रॉइंग चुकलं, दुसरा म्हणते नाही चुकलं. आणि साहेबांच्या मते सही ज्याची, गुन्हा त्याचा. रिमांड संपला, इंजिनिअर जेलात गेला. चालान, म्हणजे आरोपपत्र, तयार व्हायला लागलं. ते त्याच्या नावानं कोर्टात गेलं असतं तर पुढे सुटला काय आणि न सुटला काय, त्या माणसाला परत कोणी एक पाट सुद्धा बनवायला दिला नसता.

त्याचे वडील रोज ठाण्यात यायचे. रिटायर्ड रेल्वेवाले. पोरगा जेलात गेल्यावरही काही दिवस डबा घेऊन ठाण्यातच येत राहिले, कारण जेलात डबा चालत नाही हे त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.

"मंग हा तू खा," ते म्हणाले.

"काका, मला नाही चालत."

"काहून? विष नाही टाकलं."

"तसं नाही, नियम आहे."

"माह्या पोट्ट्यानंही नियमच पाळला होता," ते म्हणाले आणि डबा बेंचवर ठेवून निघून गेले. मुंशीनं तो बाहेरच्या कुत्र्यांना घातला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग खबर मिळाली, आणि ती कशी मिळाली बघा. खबऱ्या-बिबऱ्या काही नाही. गुढियारीच्या एका माणसाची हायड्रा, म्हणजे ती छोटी क्रेन, आमच्या ट्रॅफिकवाल्यांनी कागद नाहीत म्हणून ठाण्यात आणून लावली होती. तो ती सोडवायला आला. बसल्या बसल्या काउंटरवरचा जुना पेपर चाळून राहिला होता. घराचा फोटो पाहून म्हणाला, "ये घर तो मैं जानता हूँ. ये वाला बीम मैंने ही चढ़ाया था. दो बार."

मी पुढ्यातलं काम सोडलं. "दो बार?"

"हव. एक दिन पूजा हो गई, चढ़ाया, नट-बोल्ट कस गया, पेड़ा खिलाया. दूसरे दिन फिर बुलाया, बोले उतारो. उतार दिया. मैं चाय पीने गया. आया तो बोले चढ़ाओ."

"बीच में क्या किया?"

"मैं क्या जानूँ मैडम. मैं लीवर देखता हूँ, लकड़ी थोड़ी देखता हूँ."

बोल्ट कसले गेले होते. म्हणजे पहिल्यांदा भोकं जुळली होती. म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं. मग बसलेली तुळई कोणी उतरवते काहून? ठेकेदाराला जेलात जाऊन विचारलं. तो म्हणे क्रेनवाला झूठ बोलतो, पट्टा सरकला होता म्हणून उतरवली, बोल्ट कसले-बिसले नव्हते. परत एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द. हायड्रावाला बिनकागदाचा माणूस, कोर्टात त्याला वकील फाडून खाणार, हे साहेबांनी आधीच सांगितलं.

आता घरच्या बायांचं बयान राहिलं होतं. बायांना बयानासाठी ठाण्यात बोलावत नाहीत, घरी जाऊन घेतात. घर मराठी, म्हणून मी. साहेब म्हणाले, औपचारिकता आहे, उरकून ये.

हॉलला सील असल्यामुळे ते घरात मागच्या दारानं ये-जा करायचे. मी स्वयंपाकघरात बसले. वहिनींनी, म्हणजे गेलेल्याच्या बायकोनं, पाणी दिलं आणि थोडक्यात सांगितलं. तिला काही माहीत नव्हतं, ती बांधकामावर कधी गेलीच नव्हती. इंजिनिअरला फाशी व्हावी एवढंच तिचं म्हणणं. मग काकू बोलायला लागल्या. तीच आई. मी मध्ये अडवलं नाही. दुःखातला माणूस बोलत असला की कागद बाजूला ठेवायचा आणि ऐकायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं.

"माह्या शब्दाबाहेर नव्हता बाई तो," काकू म्हणाल्या. "तुले एकच सांगतो. ते मोठं लाकूड चढवलं ना, त्या दिवशी मी हळद-कुंकू लावाले गेली. मिस्त्रीले म्हटलं, बुडखा कोणता याचा? त्यानं दाखवला अन् मी खालीच त्याच्या कापलेल्या तोंडाले हळद लावली. वर चढवलं तर बुडखा उत्तरेले. मी लेकाले म्हटलं, बाप्पा, असं कुठं असते? झाडाचा बुडखा दक्षिणेले ठेवा लागते अन् शेंडा उत्तरेले. उलट्या लाकडाखाली लेकरं झोपवन का तू? तो हासला. म्हणे आई, एवढी जड तुळई आता कोण फिरवन. मी काही बोलली नाही. मी फक्त जेवली नाही."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून घेऊन गेला मले. म्हणे, पाह्य आता. मी पाह्यलं तर माह्या हळदीचं टोक दक्षिणेले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लोकायची पोरं पाह्य, मायचं ऐकत नाहीत. माह्यासाठी यानं लाकूड फिरवलं."

त्या हे त्याच्या मायेचं उदाहरण म्हणून सांगत होत्या. मी कागद परत पुढे ओढला आणि 'दक्षिण' लिहून खाली रेघ मारली.

कारण तुळईची दोन टोकं सारखी नव्हती. हे इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. एक टोक सिमेंटच्या खांबावरच्या लोखंडी खोबणीत, तिथे चार बोल्ट. दुसरं टोक लाकडी खांबावर, तिथे दोनच, वेगळ्या जागी. चारवालं टोक दोनच्या जागी नेलं आणि दोनवालं चारच्या, तर एकही भोक जुळणार नाही. मग नवी पाडा लागतात. जुनी बुजवा लागतात.

मी काकूंना काही सांगितलं नाही. लिहिलं, वाचून दाखवलं, आणि सरळ ठाण्यात आले. साहेबांसमोर, पंचांना बोलावून मालखान्यातल्या लाकडाचं सील उघडलं. कडांना पॉलिश होतं, पण खोबणीत लपणाऱ्या कापलेल्या तोंडाला कोणी पॉलिश मारत नाही. तिथे पिवळा डाग होता. हळद. आणि हे टोक पडलं होतं हॉलच्या दक्षिण बाजूला.

साहेबांनी चष्मा काढला. "लड़की," म्हणाले, "ठेकेदार को लाओ."

कोर्टाच्या परवानगीनं त्याला परत आणला. समोर लाकूड ठेवलं. मी काही विचारलं नाही, फक्त हळदीवर बोट ठेवलं.

"भैया ने बोला था मैडम. बोले, अम्मा खाना नहीं खा रही, घुमा दो."

"और साहब को क्यों नहीं पूछा?"

"मैं तो बोला था, साहब से पूछ लेते हैं. भैया बोले, नहीं, साहब को मत बताना. हँसेगा. बोलेगा पढ़ा-लिखा आदमी है और ये सब मानता है."

"और छेद?"

"छेद तो छेद है मैडम. तीस साल से सीमेंट का काम किया. गलत जगह लगा तो मसाला भरो, बाजू में दूसरा मारो. कभी कुछ नहीं हुआ. लकड़ी का पहला काम था मेरा."

"और फोनवाली बात?"

त्यानं लाकडावर कापड ओढलं. मग म्हणाला, "भैया तो मर गए. किसी का तो नाम लेना था."

पण पोलिसांसमोर आरोपी काही कबूल करो, कोर्टात ते उभं राहत नाही. तुळई फिरवली कोणाच्या सांगण्यावरून, हे बाहेरून सांगणारी एकच व्यक्ती जिवंत होती. तिला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन बोलावं लागणार होतं. आणि काय बोलतो आहोत हे तिला न कळू देता तिला तिथे नेणं मला जमणार नव्हतं. साहेबही म्हणाले, बताना पड़ेगा.

मी परत त्या स्वयंपाकघरात गेले. सगळं सांगितलं. बुडखा, भोकं, सगळं. वहिनी ओट्याशी उभी होती, तिनं गॅस बंद केला.

काकूंनी विचारलं, "फिरवलं म्हणून तुटलं?"

"फिरवलं म्हणून नाही काकू. इंजिनिअरला न विचारता नवी भोकं पाडली म्हणून."

"फिरवलं नसतं तर भोकं पाडली असती का?"

प्रश्न विचारायचं ट्रेनिंग झालं होतं माझं. उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, कायद्यानं तुमच्यावर काहीच नाही. आईनं पोराला काही सांगणं हा गुन्हा नसतो.

"माह्या लेकाचं नाव येईन का त्यात?"

"येईल. त्यांनी सांगितलं म्हणून ठेकेदारानं फिरवलं, असं येईल."

"मंग मी असं काही बोललीच नाही," काकू म्हणाल्या. "फाडून टाक ते."

"आई, तुम्ही आत चला," वहिनी म्हणाली. मला म्हणाली, "मेलेल्या माणसावर ढकलायला आल्या का तुम्ही? लाज नाही वाटत?"

मी उठले. याच्यापुढे जबरदस्ती चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरचं बयान मर्जीनंच द्यायचं असते. मागच्या दारात चप्पल घालून राहिले होते तेव्हा काकू मागून आल्या.

"त्या पोट्ट्याले आई हाये का?"

"नाही. वडील आहेत. रोज डबा घेऊन येतात ठाण्यात."

त्या आत गेल्या. मला वाटलं, केस संपली. साहेब म्हणाले, जे आहे ते लावून चालान पाठवू, बाकी कोर्ट बघेल. कोर्ट बघेल म्हणजे काही वर्षं.

काही दिवसांनी वहिनीचा फोन आला. आवाज कोरडा. "आई येते म्हणतात. गाडी पाठवा. पोलिसाची नको, कॉलनीत दिसते."

मी माझीच स्कूटी घेऊन गेले. काकू मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर. मॅजिस्ट्रेटच्या खोलीत पोलिसाला थांबू देत नाहीत, मी बाहेर उभी. बाहेर आल्या तेव्हा पाणी मागितलं. अर्धा ग्लास पिऊन म्हणाल्या, "लेकाचं नाव घेतलं मी. माह्या तोंडानं घेतलं." मग मला धरून पायऱ्या उतरल्या.

इंजिनिअर जामिनावर सुटला आणि चालानमधून त्याचं नाव निघालं. ठेकेदारावर केस चालली. आता इंजिनिअर आमचा साक्षीदार झाला, म्हणून हॉलचं सील उघडून त्याला आणि प्राध्यापकांना जागेवर न्यायचं होतं. कोणतं टोक कुठे होतं, कुठे असायला पाहिजे होतं, ते दाखवून पंचनामा करायचा. मी वहिनीला आधी फोन करून सांगितलं होतं की काकूंना घेऊन कुठे बाहेर जा. वहिनी म्हणाली, त्या जात नाहीत म्हणतात.

इंजिनिअर वाळला होता. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. तो खांबाला हात लावून प्राध्यापकांना समजावून सांगत होता, तेव्हा आतलं दार उघडलं आणि काकू आल्या. त्या हॉलमध्ये त्या दिवसानंतर पहिल्यांदा. सगळे थांबले. मला वाटलं आता शिव्या देणार. त्यालाही वाटलं असेल, त्यानं मान खाली घातली.

"तू होय का तो इंजिनिअर?"

"हो काकू."

"एक सांग मले. तुले येऊन म्हटलं असतं, का बाबा, बुडखा तिकडं पाह्यजे, तर करता आलं असतं का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यानं सांगत होते की नाही म्हण. एवढंसं खोटं. नाही म्हण, म्हणजे ती समजेल की हे होणारच होतं.

"आलं असतं काकू," तो म्हणाला. "लाकडाले त्याचा काही फरक पडत नाही. इकडच्या टोकाची भोकं तिकडच्या टोकाले पाडली असती. फक्त आधी सांगा लागत होतं."

"तू हासला असता का त्याले?"

"नाही. माह्या आईनं मले आमच्या घराचा देव्हारा फिरवाले लावला होता. फिरवला मी."

काकू तुळई जिथे पडली होती त्या फरशीकडे बघत राहिल्या. टीआय साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. "मंग तो बोलला काहून नाही तुले," काकू म्हणाल्या. कोणालाच नाही, असंच. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले, मी लिहायला लागले. तुळईचा बुडखा दक्षिणेस.

नोकरीत असताना मी चोरांकडून बरंच शिकले, पण या केसनं शिकवलं ते वेगळं होतं. चोर चोरी लपवते, ते समजते, ती शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. भला माणूस लाज लपवते, आणि ती लपवायला तो घरातलं लाकूड सुद्धा गुपचूप फिरवते. त्यानंतर कुठल्याही अपघाताच्या ठिकाणी गेले की मी आधी हेच विचारायचे, झालेलं काम कोणी परत केलं का, आणि कोणासाठी केलं. उत्तर बहुतेक वेळा घरातूनच यायचं.

आता ओळखीत कोणी घर बांधायला काढलं की मी आपणहून सांगत सुटते, लोक वैतागतात माझ्यावर. आईसाठी, सासूसाठी, पंडितासाठी, जे काही फिरवायचं असेल, सरकवायचं असेल, ते नकाशा काढायच्या आधी इंजिनिअरच्या तोंडावर सांगा. तो हसला तर हसू द्या.